परग्रही नंबर चार

करावे गावात कोणी हातात यादी घेऊन आलं, की नामा घरात जातो आणि प्लास्टिकच्या पिशवीतला दाखला घेऊन बाहेर येतो. ही सवय त्याला बापाकडून आली. जमिनी नवी मुंबई वसवायला गेल्या तेव्हापासून गावात यादीवाले येत राहिले, आणि यादीवाले शोधतात ते एकाच प्रकारच्या माणसाला : प्रकल्पग्रस्ताला. त्यामुळे गेल्या मे महिन्यात अरमान नावाचा एक पोरगेला दिग्दर्शक घाम पुसत जेट्टीवर आला आणि त्याने ओरडून विचारलं, "परग्रही व्हायला कोण कोण तयार आहे?" तेव्हा पहिला हात नामाने वर केला.

"मी कवाचा हाय. दाखला हाय. लॅमिनेशन केलेला."

अरमानने दाखला दोन्ही बाजूंनी पाहिला. बिचारा सभ्य मुलगा. म्हणाला, "काका, तुम्ही पास."

"आनि प्लॉट?"

"प्लॉट एकदम भारी आहे काका. कॉमेडी आहे."

नामाने मान डोलावली. जमिनीच्या बदल्यात मिळायच्या प्लॉटच्या बाबतीत चाललेली कॉमेडी त्याने बापाच्या वेळेपासून पाहिली होती.

सिनेमाची गोष्ट अशी होती. परग्रहावरचे लोक गुपचूप नवी मुंबईत येऊन राहतात. त्यांच्यावर नजर ठेवायला काळे कोटवाले गुप्त पोलीस असतात. त्यांचं ऑफिस बेलापूरच्या एका सरकारी इमारतीत, 'आवक-जावक' अशी पाटी लावलेल्या दारामागे असतं. त्या दारातून आत गेलेला कागद आजवर बाहेर आलेला नसल्यामुळे कोणाला संशय येत नाही. कायद्याने राहणाऱ्या परग्रह्याला तिथे रहिवासाचा पुरावा दाखवावा लागतो. नसला की अटक. नामाला हा भाग अजिबात विनोदी वाटला नाही. "बरोबर हाय," तो म्हणाला, "आमालाबी मागतात."

त्याला परग्रही नंबर चारचं काम मिळालं. रबराचा हिरवा अंगरखा, तीन डोळे, आणि बघायचं कुठून, तर नाकपुड्यांतून. चिखलात मांडीपर्यंत रुतून उभं राहायचं. शहरातले नट दोन मिनिटांत "क्रॅम्प, क्रॅम्प" करत बाहेर आले. नामा तासभर उभा राहिला आणि जाता जाता पायाला लागलेली एक चिंबोरीही, चांगला मोठा खेकडा, घेऊन आला. त्रेसष्ट वर्षांचा आहे. खाडीच्या चिखलाला तो ओळखतो आणि चिखल त्याला.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल, माणूस मजेत असेल. तर तसं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको, पुतळा, वारली. सकाळी स्वयंपाकघरात पडली. मुलगा धनेश बेलापूरला कचेरीत नोकरीला. शेजारणीने त्याला कळवलं, आणि त्याने बापाला अकरा फोन केले. नामा खाडीत होता. तो घरी आला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता.

"रेंज नव्ती," नामा म्हणाला.

"रिंग जात होती, बाबा," धनेश म्हणाला.

बापलेकाचं खरं बोलणं तिथे संपलं. धनेश वाईट मुलगा नाही. दर रविवारी बायकोला, नमिताला, घेऊन खारघरहून येतो. गोळ्या आणतो, विजेचं बिल भरतो. पण बोलतो ते खिडकीपलीकडच्या अर्जदाराशी बोलावं तसं. "बीपी तपासलं? ठीक. पुढच्या महिन्यात पुन्हा." बोलीतला एक शब्द नाही. आणि हसणं? ते तर सुट्टीवरच गेलेलं.

शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी अरमानला परग्रह्यांची भाषा हवी होती. गुप्त पोलीस नंबर चारला पकडतात आणि दरडावतात, "बोल, कुठून आलास?" त्यावर त्याने काहीतरी लांबलचक बोलायचं. अरमानने नामाला दुपारी जेवताना बोलताना ऐकलं होतं. तो टाळी वाजवून म्हणाला, "काका, तुमची ती घरची भाषा बोला. काहीही बोला. कोणाला कळणार नाही, खाली सबटायटल टाकू."

आपल्याच गावच्या आपल्याच खाडीत उभ्या माणसाला हे सांगितलं गेलं. नामाला राग आला नाही. त्याला एवढंच ऐकू आलं : कोणाला कळणार नाही.

कॅमेरा सुरू झाला. तो बोलायला लागला.

"धन्या, मी आयकली रिंग. खिशान व्हता फोन. हात चिखलान व्हते, जाल्यान चिंबोरी लागली व्हती. मना वाटला तुजी आयस रोजच्यासारखी जेवाला बोलवतंय. म्हनून वाजू दिला. अकरा डाव वाजू दिला. मी खोटा बोललू, पोरा. रेंज व्हती."

"कट! काय इमोशन आहे यार!" अरमान ओरडला.

ध्वनिमुद्रणाचं काम सना नावाची मुलगी करत होती. उरणची. तिच्या घरची बोली वेगळी, पण दारावर येणाऱ्या कोळणींची बोली ऐकतच ती वाढली. तिने कानावरचे हेडफोन काढले आणि डोळे पुसले.

"सना, साउंड?"

"ओके आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी नामा तिच्याजवळ आला. रबर काढलेलं, चेहरा लालभडक. "बाय, तुला कललं ना? मी तुज्या डोल्यांवरनं बगितलं."

"कळलं, काका."

"ते पिच्चरमदी तसंच येल ना? धन्याला घेऊन जाईन मी. तोंडावर बोलवत नाय. अंधारान बसून आयकंल, मंग काय बोलायचा तो बोलू दे."

सनाने प्रयत्न करते म्हणून सांगितलं. तिने केलाही. दहा महिने नामा मुलाला एकच गोष्ट सांगत राहिला : पिक्चर आला की यायचं. धनेश म्हणायचा, "रजेचं बघतो."

यंदाच्या मार्चमध्ये सीवूड्सच्या मॉलमध्ये कलाकारांच्या घरच्यांसाठी खेळ लागला. नामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मधल्या खुर्चीत बसला. उजवीकडे धनेश, पलीकडे नमिता. मध्यंतरानंतर पडद्यावर चिखल आला, पोलीस आले, नंबर चार आला. नामाने खुर्चीचा दांडा धरला.

नंबर चारने तोंड उघडलं आणि त्यातून आवाज आला, "ग्लुब-ग्लुब-ग्लाब." शेवटच्या महिन्यात निर्मात्याने नामाचा आवाज मशीनमध्ये घालून बदलून टाकला होता. खाली अक्षरं उमटली : 'साहेब, आमच्या ग्रहावर पार्किंग मिळत नाही, म्हणून आलो.'

अख्खं थिएटर फुटलं. आणि नामाच्या उजव्या कानाजवळ धनेश हसला. नुसतं स्मित नाही. पोट धरून, खुर्चीवर वाकून. लहानपणी होडीत हसायचा तसा. हसता हसता त्याने बापाच्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "बाबा, भारीच हाव तुमी!"

'हाव'. बोलीतला शब्द, दोन वर्षांनी.

बाहेर पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी सनाने त्यांना गाठलं. तिचा चेहरा उतरला होता. "काका, सॉरी. माझं कोणी ऐकलं नाही. पण तुमचा खरा आवाज माझ्या फोनमध्ये आहे." ती धनेशकडे वळली. "दादा, तुम्ही ऐकता का?"

"म्हणजे बाबा खरंच काहीतरी बोलले होते?" धनेशने विचारलं. डोळ्यांत अजून हसण्याचं पाणी होतं. "काय बोललात, बाबा?"

हीच ती वेळ. याच्यासाठी माणूस मे महिन्यात रबरात शिजला होता. नामाने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड त्याला परत मिळून पाऊण तास झाला होता.

"काय नाय," तो म्हणाला. "मासलीचा भाव सांगला. निवट्या कशा, चिंबोरी कशी."

"पार्किंगच्या जागी निवट्या!" धनेश पुन्हा हसला आणि नमिताला सांगायला पुढे गेला.

सना फोन हातात धरून उभीच. नामा तिला हळूच म्हणाला, "पुसू नको, बाय. ठेव जपून. मी वर गेलू का आयकव त्याला."

"आणि तोवर, काका?"

नामाने पुढे पाहिलं. धनेश नमितासमोर तोंड वाकडं करून ग्लुब-ग्लुब करत होता.

"तोवर धन्या बोलतंय तीच माजी भाषा," नामा म्हणाला, आणि मुलाच्या मागोमाग चालू लागला.