आठ जीबीची शस्त्रक्रिया

आमच्या घरात लॅपटॉपमधलं फक्त मला कळतं, हा निर्णय मी एकट्याने एकमताने घेतला होता.

मी महाडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. लॅपटॉपचा आणि माझा संबंध शाळेच्या ऑफिसातल्या एका संगणकापुरता, आणि तोही मी जवळ गेलो की बंद पडायचा. पण आमची प्राजू सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेली आणि मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणून नकाशे काढायला लागली, तेव्हा माझ्यातला बाप जागा झाला. बाप जागा झाल्यावर जे करतो तेच मी केलं. रोज जेवण झालं की मोबाईलवर व्हिडिओ बघू लागलो.

थोड्याच दिवसांत मी घरात व्याख्यानं द्यायला लागलो. पहिली श्रोती अर्थातच आमच्या सौभाग्यवती, सुनंदा.

"हे बघ, प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. रॅम म्हणजे ओटा. आणि एसएसडी म्हणजे कोठीची खोली. बाई कितीही हुशार असली, तरी ओटाच लहान असेल तर..."

"...तर अर्धी भांडी जमिनीवर मांडायची आणि वाकून वाकून कंबर मोडायची. कळलं! लग्न झाल्यापासून सांगतेय, आपला ओटा वाढवा."

(मी लगेच ग्राफिक्स कार्डाकडे वळलो.)

खरेदीच्या दिवशी आमच्यासोबत सुनंदाचा भाऊ विलासही आला. तो मुंबईला कंपनीत असतो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून रजा काढून पोलादपूरजवळच्या वाडीवर आला होता. मुंबईत राहिल्यामुळे आपल्याला सगळ्यातलं थोडं थोडं कळतं असं त्याला वाटतं. मला तर सगळ्यातलं सगळंच कळतं असं वाटतं. त्यामुळे दुकानदाराचं काय होणार हे ठरलेलंच होतं.

दुकान बाजारपेठेत, माल वरच्या मजल्यावर. (महाडात पूर बघितलेला शहाणा माणूस खालच्या फळीवर लॅपटॉप ठेवत नाही.) दुकानदाराने हसून विचारलं, "बजेट काय सर?"

"मध्यम," मी म्हणालो. "पण मला बजेट नको सांगू, आतले पार्ट सांग."

"हा घ्या. बारावी जनरेशन आहे."

"बारावी?" सुनंदा पुढे सरसावली. "मुलगी बारावी होऊन कॉलेजला गेली आमची. त्याच्या पुढचा दाखवा!"

मी कपाळावर हात मारला. पण दुकानदार मुकाट्याने आत गेला आणि तेरावीचा घेऊन आला. तो खरोखरच जास्त चांगला होता! शिवाय आठवड्यापूर्वीच आल्यामुळे त्याच्यावर सवलतही होती. माझ्या सगळ्या अभ्यासाला असा पहिला धक्का बसला.

"ग्राफिक कार्ड तगडा पाहिजे भावोजी," विलास म्हणाला. "उसके बिना मजा नाय."

"तिला मजा नाही करायची, पूल बांधायचेत," मी म्हणालो. "मध्यम कार्ड पुरे."

सुनंदाने एकेक लॅपटॉप कलिंगडासारखा हातात तोलून बघितला. "हा जड. तिच्या कॉलेजला जिने आहेत." मग एक उचलून ती थेट गच्चीच्या दारात उन्हात गेली. "ह्यात माझंच तोंड दिसतंय. पडद्यावरचं काही दिसत नाही. ठेवा." शेवटी तिच्या हाताला हलका, उन्हात दिसणारा, प्राजूच्या बोटांना आवडलेला आणि माझ्या प्रोसेसरच्या अटीत बसणारा एक सापडला. खोट एकच. रॅम आठ जीबी. मला सोळा पाहिजे होती.

"रिकामा स्लॉट आहे सर. पुढे कधीही आठची पट्टी टाका, सोळा होईल. माझ्याकडे आणा, बसवून देतो."

दुकानदाराच्या बोलण्यातलं 'माझ्याकडे आणा' सोडून बाकी सगळं मी ऐकलं.

पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. प्राजूने पुण्याच्या एका ऑफिसात उमेदवारीसाठी, म्हणजे इंटर्नशिपसाठी, अर्ज केला, आणि मुलाखत ठरली. सोमवारी सकाळी, ऑनलाइन! स्वतः काढलेले नकाशे पडद्यावर उघडून समजावून सांगायचे होते. घरात आनंदीआनंद झाला. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळला. नकाशे उघडताना ओटा कमी पडला तर? ऐन मुलाखतीत लॅपटॉप अडकला तर? मी कुणाला न सांगता रॅमची पट्टी मागवली. ती शनिवारी आली, आणि त्याच दिवशी आम्ही सगळे, प्राजूच्या लॅपटॉपसकट, सासूबाईंना बघायला वाडीवर गेलो. पट्टी गुपचूप माझ्या पिशवीत.

रविवारी सकाळी सुनंदा आणि प्राजू शेजारी चहाला गेल्या. मी विलासला खुणावलं. "मुलीला सरप्राइज द्यायचंय. स्क्रूड्रायव्हर आहे?"

"टेन्शन नको भावोजी, पूरा सेट हाय."

ओटीवर पाट मांडला, पाटावर टॉवेल, टॉवेलवर लॅपटॉप पालथा. मोबाईल तांब्याला टेकवून व्हिडिओ लावला. काळा चष्मा लावलेल्या सासूबाई खुर्चीवरून देखरेखीला.

"काय करताव जावयबापू?"

"ऑपरेशन, आई."

"माज्या डोळ्याला डाक्टरनी एक टाका नाय घातलान," त्या म्हणाल्या, "नि ह्या डब्याला एवढं इस्क्रू?"

व्हिडिओतला माणूस फार समजूतदार होता. तो म्हणाला झाकण काढा, आम्ही काढलं. बॅटरीची वायर सोडा म्हणाला, सोडली. आधीची रॅम कशी बसलीय ते नीट बघून घ्या म्हणाला. मी नीट बघण्यासाठी ती काढूनच हातात घेतली. (अभ्यासू वृत्ती!) मग तो म्हणाला पट्टी तिरकी धरा, खट् आवाज येईपर्यंत दाबा. खट्! काय समाधान झालं म्हणून सांगू! आणि तेवढ्यात व्हिडिओ गोल गोल फिरायला लागला. वाडीवरची रेंज गेली.

"आता?" विलासने विचारलं.

"आता काय राहिलंय? झाकण लावायचं!" मी शिकल्यासवरल्या माणसाच्या आत्मविश्वासाने म्हणालो.

झाकण लावलं. एक स्क्रू उरला.

"कंपनीवाले एक्स्ट्रा देतात," विलास म्हणाला आणि तो खिशात टाकला.

मी बटण दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. दोघांनी मिळून दाबलं. लॅपटॉप पाटावर पाटासारखाच पडून राहिला! चार्जर लावून बघावा, तर तो महाडला राहिलेला.

"गेला काय?" सासूबाईंनी शेजारीपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

ते ऐकून सुनंदा आणि प्राजू धावत आल्या. (त्यांना वाटलं, वाडीतलं कुणी म्हातारं गेलं!) मी जे झालं ते सांगितलं. म्हणजे, सांगायला सुरुवात केली. पुढचं स्क्रूड्रायव्हर बघून त्यांना कळलं.

सुनंदा जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याचं मला काही वाटलं नाही, त्याची मला सवय आहे. प्राजू मात्र ओरडली नाही. ती लॅपटॉपजवळ बसली, बटण दाबून बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "माझे सगळे नकाशे ह्यातच आहेत पप्पा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "असू दे. तुम्ही चहा घ्या." तो चहा काही माझ्या घशाखाली उतरला नाही.

महाडच्या दुकानदाराला गाठणं हा एकच उपाय होता. मिळाली त्या मिनिडोर रिक्षात आम्ही चौघे कोंबले गेलो. लॅपटॉप प्राजूच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला.  मी मनातल्या मनात उद्या मुलाखत घेणाऱ्या साहेबांना फोन करून काय सांगायचं ते जुळवत होतो. "नमस्कार साहेब, मी मुलीचा बाप. चूक माझी आहे" यापुढे वाक्य जात नव्हतं.

पोलादपूरच्या स्टँडवर पोचलो. महाडची गाडी लागलेलीच होती. आम्ही पायरीकडे धावलो, आणि अचानक माझ्या खिशातून एक माणूस मोठ्याने बोलायला लागला!

"आणि मित्रांनो, सगळ्यात महत्त्वाचं! झाकण लावायच्या आधी बॅटरीची वायर परत जोडायला विसरू नका. बरेच जण इथेच चुकतात!"

रेंज आली होती. व्हिडिओ जिथे थांबला होता तिथून सुरू झाला होता. अख्खा स्टँड माझ्या खिशाकडे बघत होता.

"कोणाची बॅटरी सुटली रे?" बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं.

"माझी!" मी ओरडलो. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुठलीच चूक कबूल केली नसेल.

कंडक्टरने घंटी दिली, गाडी निघून गेली. कुणाला पर्वा? कँटीनच्या टेबलावरचे ग्लास विलासने बाजूला केले, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मी हात पुढे केला.

"पप्पा," प्राजू म्हणाली, "हात खिशात ठेवा."

मी ठेवले. तिनेच झाकण उघडलं, ती एवढीशी वायर बोटाच्या टोकाने जागच्या जागी बसवली. विलासने गुपचूप 'एक्स्ट्रा' स्क्रूही परत केला. बटण दाबलं. क्षणभर अंधार, आणि मग पडदा उजळला! प्राजूने एकेक नकाशा उघडून बघितला. सगळे पूल जागेवर होते. सुनंदा, जी वाडीपासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "अहो, चार चहा सांगा. आणि भजी." मी इतका हलका झालो की भजी दोनदा सांगितली.

"पप्पा, पण हा आठच जीबी दाखवतोय," प्राजू म्हणाली.

"छे! खट् आवाज आला होता. विलास साक्षीला आहे."

"मग आधीची पट्टी कुठेय?"

तेवढ्यात सुनंदाचा फोन वाजला. सासूबाई.

"गो सुनंदा, जावयबापूंची ती हिरवी पट्टी ओटीवर हाय. मी तिच्यावर माज्या डोळ्याच्या थेंबांची बाटली उभी केलीय. चालंल ना?"

सोमवारी प्राजूची मुलाखत आठ जीबीवरच झाली. लॅपटॉप एकदाही अडकला नाही. प्राजूही नाही. तिला उमेदवारी मिळाली, आणि संध्याकाळी तिने आपणहून माझ्यासाठी चहा केला. या वेळी तो घशाखाली उतरला.

आता शाळेत कुणाला लॅपटॉप घ्यायचा असेल तर लोक मलाच विचारायला येतात. मी प्रोसेसर, रॅम, एसएसडी कशाचाच विषय काढत नाही. एवढंच विचारतो, "घरात माझ्यासारखं अभ्यासू कुणी आहे का?" नाही म्हणाले, की सांगतो, "मग कुठलाही घ्या, टिकेल!"