ऑमाहातलं कुंपण

"जरा कुंपण बघून येते," हे आर्डिथचं कायमचं वाक्य. पाहुणे फार वेळ रेंगाळले की ती हे म्हणायची, नवऱ्याशी खटका उडाला की म्हणायची. आईला पुरून आल्यावरही चांगल्या कपड्यांखाली चिखलाचे बूट चढवत तिनं हेच म्हटलं होतं. आमच्या गवताळ वाळूच्या टेकड्यांत गुरांच्या कुंपणाला अंत नसतो आणि कुठे ना कुठे तार ढिली असतेच. त्यामुळे या वाक्याला कुणाला हरकत घेता येत नसे.

गुरं तिची. बापाकडून आली, मालकीच्या, शिडीच्या आकाराच्या डागासकट. नवरा व्हर्लिन शाळेची बस चालवायचा, स्वयंपाक झकास करायचा आणि गुरांना लांबूनच नमस्कार करायचा. तो घरातला आणि ती रानातली, असं त्यांचं छान चाललं होतं.

मग व्हर्लिनचं रक्त नासलं. घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर ऑमाहाच्या हॉस्पिटलात त्याचं सगळं जुनं रक्त औषधांनी मारून टाकलं आणि बहिणीच्या, मार्सीनच्या, मूळ पेशी त्याच्या अंगात सोडल्या. त्या रुजायला काही महिने लागणार होते. तोवर हॉस्पिटलच्या शेजारीच खोली घेऊन राहायचं. गर्दी नको, माती नको, जनावर नको, फूलसुद्धा नको. आणि एक माणूस सदैव जवळ पाहिजे, कारण साधा ताप आला तरी जीव जाऊ शकतो.

ते जवळचं माणूस म्हणजे आर्डिथ.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत ती खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत जायची. खिडक्या उघडत नव्हत्या. वारा कुठून वाहतोय तेही कळत नव्हतं. खाली गाड्या लावायचं आवार, त्याला जाळीचं कुंपण आणि कुंपणाची एक तार खांबापासून सुटून लोंबत होती. ती लोंबती तार तिच्या डोळ्यात कुसळासारखी सलायला लागली. शेवटी एकदा नर्स आत असताना ती खाली गेली, गाडीतली पक्कड काढली आणि तार आवळायला लागली.

"बाई, काय करताय?" पहारेकरी धावत आला. "हे कुंपण आमचं आहे."

"तुमचं आहे ना? मग असं ठेवतात?"

वरून व्हर्लिन बघत होता. मुखपट्टीआड तो इतका हसला की नर्सनं त्याला खाली बसवलं.

मे महिना आला. आमच्याकडे मे म्हणजे वासरांना तापल्या लोखंडानं मालकाच्या खुणेचा डाग द्यायचे दिवस. आज एकाच्या कुरणात, उद्या दुसऱ्याच्या. शेजारीपाजारी घोड्यांवरून येतात, वासरं दोरानं ओढून आणतात, दोघं धरतात, एक डागतो आणि दुपारी सगळे एका पंगतीला जेवतात. पण प्रत्येक कुरणातलं पहिलं वासरू मालकानंच डागायचं. आर्डिथनं बापाच्या मागे एकही साल चुकवलं नव्हतं. शेजारच्या लोवेलचा फोन आला.

"शनिवारी तुझी वासरं उरकतो आम्ही. तू तिथंच थांब, काळजी करू नकोस."

"पहिलं कोण डागणार?"

"डागेल कुणीतरी."

"कुणीतरी?" आर्डिथ म्हणाली आणि फोन ठेवून पुन्हा येरझाऱ्या घालायला लागली.

मार्सीन तिच्या गावाहून पत्त्यांचा जोड घेऊन आली. "जा बाई, जा एकदाची. माझंच रक्त आहे त्याच्यात, मी बघते त्याच्याकडे. तुझ्या चालण्यानं गालिचा झिजला."

"जा," व्हर्लिनही म्हणाला. "आणि लोवेलच्या बायकोला घेवड्यात साखर ओतू देऊ नकोस."

ती गेली. पहिलं वासरू तिनं डागलं, केस जळाल्याचा पांढरा धूर तिच्या तोंडावर आला आणि कित्येक दिवसांनी तिचा श्वास छातीच्या तळापर्यंत गेला. दुपारनंतर वारा फिरला, गार झाला. गवताच्या कोठारात खुंटीवर तिचा जाड कोट हिवाळ्यापासून लटकत होता. तो अंगात घालून ती परत निघाली.

खोलीत येण्याआधी तिनं बूट गाडीत ठेवले, हात कोपरापर्यंत धुतले, तोंड धुतलं. कोटाचा विचार मात्र मनात आलाच नाही. आमच्याकडे शेण घाण असतं, चिखल घाण असतो. गवत कधीच घाण नसतं.

"आण इकडे," व्हर्लिन म्हणाला. त्यानं मुखपट्टी खाली ओढली, कोट घेतला आणि बाहीत तोंड खुपसून बसला. "देवा रे! घरी गेल्यासारखं वाटलं." आर्डिथ शेजारी बसून हसत होती. मार्सीननंही एकदा वास घेतला आणि नाक मुरडलं.

आठवड्याच्या आत व्हर्लिन तापानं फणफणला आणि पुन्हा हॉस्पिटलात दाखल झाला. छातीच्या फोटोत डाग दिसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सुक्या गवताच्या जवळ गेले होते का? त्याची बुरशी फुप्फुसात जाते. तीच असेल असं सांगता येत नाही, पण..."

"कोट मी मागितला होता," व्हर्लिन पलंगावरून धापा टाकत म्हणाला. "तिला बोलू नका."

तिला कुणीच बोललं नाही. बडबडी मार्सीन त्या दिवशी गप्प राहिली, आणि तेच आर्डिथला सगळ्यात जास्त लागलं. तिनं कोट कचऱ्याच्या पेटीत टाकला आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली, ती बसलीच. पाय आतल्या आत धावत होते, मांडी थरथरायची, तशी ती गुडघ्यावर हात दाबून धरायची. खिडकीकडे बघेना. कॉफी आणायलाही उठेना.

औषधं लागू पडली. ताप हळूहळू उतरला, छाती मोकळी झाली. मार्सीनचं रक्त भावाच्या अंगात टिकून राहिलं होतं. मुक्काम लांबला, पण दोघं पुन्हा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आली, आणि आर्डिथ तिथंही खुर्चीतच बसून राहिली. मार्सीनही भेटायला आली. तेवढ्यात लोवेलचा फोन आला, तिचे वळू तार तोडून त्याच्या कुरणात शिरले होते.

"बघा तुम्हीच," आर्डिथ म्हणाली आणि फोन ठेवला.

हे ऐकून व्हर्लिन तापात घाबरला नव्हता इतका घाबरला. तो भिंत धरत खिडकीशी गेला.

"आर्डिथ, खालची तार पुन्हा सुटलीय."

"सुटू दे."

"जा, जरा कुंपण बघून ये."

"मी नाही जात."

"का?"

"गेले की काहीतरी घेऊन येते मी," ती गुडघ्यांकडे बघत म्हणाली.

व्हर्लिन खिडकीपासून तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "त्या कोटाचा वास घेतला ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण मरायचं नाही. आता तू अशी बसून राहिलीस तर मी घरी कुणाकडे जाऊ? जा. कपडे बदलून आत ये म्हणजे झालं."

"मी आहे इथं," मार्सीन पत्ते पिसत म्हणाली. "ऊठ बाई. त्या खुर्चीलाही जरा दम घेऊ दे."

आर्डिथ उठली. पाय अवघडून आखडले होते. तिनं ड्रॉवरमधली पक्कड घेतली, दारात थांबली, काहीतरी पुटपुटली आणि गेली. ती काय म्हणाली ते दोघांनाही ऐकू आलं नाही आणि दोघांनाही ठाऊक होतं.

थोड्या वेळानं ती खाली दिसली. पहारेकऱ्यानं हात हलवला. तार आवळली, खांब हलवून बघितला. मग पुढचा खांब, त्याच्या पुढचा. कुंपण संपलं तरी ती थांबली नाही, रस्त्याकडेनं सरळ चालत राहिली, लांब टांगा टाकत, वाऱ्याकडे तोंड करून.

"खेळतोस की बघतोस?" मार्सीननं विचारलं.

"बघतो," व्हर्लिन म्हणाला. काचेला कपाळ टेकून तो बघत राहिला, ती वळणाआड जाईपर्यंत आणि गेल्यावरही.