वन्संचं मुखत्यारपत्र

माझ्या नणंदेला आमच्या इमारतीत सगळे 'मुखत्यार' म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कोणाची छाती नाही. मी वन्सं म्हणते आणि दात-ओठ खाते.

चूक आमच्या ह्यांची. हे बोटीवर, इंजिनावर कामाला. घर घेतलं तेव्हा समुद्रावर होते, म्हणून थोरल्या बहिणीला मुखत्यारपत्र करून दिलं: माझ्या वतीने घराच्या कागदांवर सही करावी, बँकेत जावं, गरज पडली तर कोर्टात उभं राहावं. बस्स, एवढंच. घर झालं, आम्ही राहायलाही आलो. पण वन्संनी तो कागद लॅमिनेट करून शिलाई मशीनच्या खणात ठेवला आणि त्यातले 'माझ्या वतीने' हे दोनच शब्द पाठ केले.

तेव्हापासून भिंतींचा रंग ह्यांच्या वतीने वन्सं ठरवणार. ह्यांना दोडका आवडत नाही, म्हणून हे बोटीवर असतानाही घरात दोडका शिजायचा नाही! मी तोंड उघडलं की, "कागद आणू का?" हे घरी असले तरी तेच. प्रश्न ह्यांना विचारा, उत्तर वन्सं देणार. हे नंदीबैलासारखी मान हलवणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

यंदा सुट्टीवर असताना हे मोरीत कोसळले. डोक्यात रक्त साकळलंय, ताबडतोब ऑपरेशन करायला हवं, संमतीची सही द्या, असं हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी पेन घेणार तेवढ्यात वन्सं पोचल्या. पायात दोन जोडांच्या दोन चपला, पण कागद हातात.

डॉक्टरीणबाईंनी तो वाचला. "आजी, हा घराचा आणि बँकेचा आहे. ऑपरेशनचा अधिकार यात नाही. सही पत्नीची लागेल."

हे वाक्य वन्संना कोणीतरी ऐकवावं म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली होती! आणि आता पेन माझ्या हातात, तर हात उचलेना. सही केली आणि हे उठलेच नाहीत तर? मी जन्मात पहिल्यांदा विचारलं, "वन्सं, तुम्ही सांगा ना. करू?"

त्यांचं लक्षच नव्हतं. डॉक्टरीणबाईंची बाही धरून त्या म्हणत होत्या, "अहो, त्याच्या जागी मी, असं त्यानेच लिहून दिलंय. मग मलाच न्या ना आत. त्याला कशाला कापता?"

मला रडू फुटलं. वन्संनी माझं मनगट धरलं, तेव्हा कुठे सही झाली.

हे वाचले. दोन दिवसांनी शुद्धीवर आले. डॉक्टरीणबाईंनी वाकून विचारलं, "काय, कसं वाटतंय?"

ह्यांनी ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"बरं वाटतंय त्याला," वन्सं म्हणाल्या.