घाडीमामांनी हात घातला नाही

परळच्या आमच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा ऐन दारात एक टक्कल पडलेले गृहस्थ फतकल मारून सुऱ्यांना धार लावत बसले होते. मी नवीकोरी आहारतज्ज्ञ. अंगात पांढरा कोट, डोक्यात हवा. "ओ धारवाले, जरा वाट सोडून बसा," असं मी त्यांना ठसक्यात सांगितलं. "बसतो की," म्हणत ते निमूट सरकले. तासाभराने कळलं, की साऱ्या मजल्यांचं जेवण ज्यांच्या भट्टीवरून जातं ते मुख्य आचारी घाडीमामा ते हेच. अगं बाई, कुठे तोंड लपवू असं झालं मला!

माफी मागायला गेले तर हसून म्हणाले, "त्यात काय मॅडम? धार लावतच होतो ना!" सगळ्यांच्या सुऱ्या ते रोज स्वतः परजायचे. मी कारण विचारलं. "चिरणाऱ्याची सुरी बोथट असली की दुपारपर्यंत त्याचा खांदा भरून येतो, आणि मग तो डाफरतो माझ्यावर. मी माझीच सोय बघतो," म्हणाले. मग टोप घासणाऱ्या बायकांपासून सुरुवात करून प्रत्येकासमोर थांबायचे आणि विचारायचे, "आज काय अडलंय तुझं?" कुणाचं हातमोजे फाटल्याचं असे, कुणाचं मुलीच्या शाळेत भेटायला जायचं असे. मामा वाट काढून द्यायचे, आणि गेलेल्या माणसाच्या जागी स्वतः उभे राहायचे.

म्हणजे अगदी देवमाणूस होते असंही नाही हं. डिलाईल रोडच्या चाळीत जन्म गेला, तरी जीव सगळा मालवणात. मी दादरची म्हणून माझ्या आमटीवर त्यांचा राग. "तुम्ही त्यात गूळ घालता. ती आमटी की सरबत?" असं चारचौघांत विचारून माझी फजिती करायचे. रागावले की दिवसभर गाल फुगवून बसायचे, आणि आपण रुसलोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही तर आणखी रुसायचे.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना एकदा माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, भट्टी वैशालीला द्या."

मी चाटच पडले. वैशाली चिरायच्या ओट्यावरची. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं. पण भट्टीवर बाईमाणूस आजवर आलं नव्हतं, आणि भट्टीवर मामांच्या हाताखाली असलेला, वयाने मोठा परब ती जागा आपलीच धरून चालला होता.

"तुम्ही निवृत्त झाल्यावर बघू ना," मी म्हटलं.

"तेव्हा दिलीत तर परब तिला आठवडाभर टिकू देणार नाही. मी असताना द्या. मी तिचं ऐकतो, हे ह्या सगळ्यांनी डोळ्यांनी बघू दे."

वर चिठ्ठी पाठवून मी होकार आणला. वैशाली भट्टीवर आली, आणि इतकी वर्षं तिथे उभे राहिलेले मामा खाली बसून मेथी निवडू लागले. परब मात्र प्रत्येक गोष्ट वैशालीला टाळून मामांनाच विचारायचा. मामांचं उत्तर ठरलेलं, "तिला विचार."

मामा वारले त्याला आता वर्ष होईल. त्यांची आठवण निघाली, की त्याच दिवसांतली एक सकाळ माझ्या डोळ्यांपुढे येते.

आमच्याकडे बिनमिठाचं जेवण आधी होतं. ते वर गेल्याशिवाय मिठाचा डबा कपाटातून काढायचा नाही, असा नियम. हृदयाचे, किडनीचे पेशंट ते. त्यांना मीठ जिवावर बेतायचं. त्या दिवशी कुणीतरी घाईत डबा आधीच ओट्यावर आणून ठेवला. वैशालीने दुधीवरचं झाकण काढलं, आणि वीस वर्षं घरी रांधलेल्या बाईचा हात आपसूक डब्यात गेला. दोन मुठी मीठ बिनमिठाच्या टोपात!

बघितलं कुणीच नव्हतं. गप्प बसती तरी खपलं असतं. पण ती पांढरीफटक पडून मोठ्याने म्हणाली, "बिनमिठाच्या भाजीत मीठ पडलं. माझ्या हातून."

"झालं! मी सांगत होतो," परब म्हणाला. "मामा, उठा. या इकडे."

सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. मामा मेथी निवडतच होते. माझा धीर सुटला. त्यांच्याजवळ जाऊन मी म्हटलं, "मामा, अहो बघताय काय? तुम्ही हातात घ्या ना!"

"आज मी हात घातला, तर उद्यापासून तिला कोण विचारील?" मामा हळूच म्हणाले.

"आणि तिला नाही निभावलं तर?"

"मी आहे की इथे. पळून चाललोय का?"

मग ते उठले, वैशालीपुढे जाऊन उभे राहिले. एरवी "गो वैशाली" म्हणून हाक मारणारा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वैशालीबाई, मी काय करू?"

तिने आधी टोपाकडे, मग ओट्यावरच्या चिरलेल्या दुधीकडे पाहिलं.

"सांगा. वेळ जातोय."

वैशालीने भट्टीवरच्या टोपाकडे बोट दाखवलं. "हा टोप आता साध्या जेवणाला जाईल. साध्यासाठी चिरलेला दुधी कच्चाच आहे, तो बिनमिठाला घ्या. परबदादा, डबा कपाटात ठेवा आणि किल्ली मला द्या." मग मामांकडे वळली. "मामा, दुसरा टोप घासायचा राहिलाय. तेवढा घासा."

मामा मोरीवर जाऊन बसले आणि टोप घासू लागले. परबने ते पाहिलं. मग त्याने डबा कपाटात ठेवला आणि किल्ली वैशालीच्या हातात दिली.

जेवण अर्धा तास उशिरा गेलं. वॉर्डातून सिस्टरांचा फोन आला. "चूक आमची झाली, निस्तरली," मी सांगून टाकलं. शेवटची ट्रॉली लिफ्टमध्ये गेली, आणि सकाळभर उभी असलेली वैशाली रडायला लागली.

"मामा, मला अहोजाहो नका करू हो!"

"ते घरी. इथे तुम्ही साहेब," मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि परबला ऐकू जावं म्हणून चांगला आवाज चढवून म्हणाले, "मॅडम, मी असतो तर अख्खा टोप मोरीत ओतला असता. हे मला सुचलंच नसतं!"

त्या दिवशी मामा जितके खूश होते, तितकं स्वतःच्या बढतीने खूश झालेलं माणूससुद्धा मी कधी पाहिलेलं नाही.