सशांच्या वयाचा जाणकार

सशाची मादी तळहातावर तोलून, तिच्या पाठीचं हाड अंगठ्याने चाचपून आबा निकाल द्यायचे, "आजून कव्वळी शे. जोडी नही लावनी."

बघणारे माना डोलवायचे. शहाद्यात पांढरे ससे होतेच कुणाकडे? आबांनी ते सुरतेहून टोपलीत आणवले होते, आणि तेव्हापासून कुठल्याही जनावराच्या वयावर शेवटचा शब्द त्यांचा. आबा वारले तेव्हा लोक म्हणाले, मुक्या जिवांवर फार माया होती. होती ना. मुक्यांवरच होती.

ही अक्कल त्यांना फुकट आली नव्हती, एवढं कबूल. सुरुवातीला त्यांनी नर-मादी एकाच खुराड्यात ठेवले. पाचेक महिन्यांची एक मादी छातीचे केस उपटून गवतात कोंबू लागली. ती पिल्लांसाठी घरटं करत होती; आबांना वाटलं खरूज. त्यांनी तिला करंजाचं तेल चोळलं. सकाळी पिल्लं मेलेली, मादीही मेलेली. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. सुताराला बोलावून खुराड्यात मधोमध फळी ठोकून घेतली. नर इकडे, माद्या तिकडे. "आंग भरू दे, मंग पाहू."

दयाळू माणूस म्हणाल. थांबा जरा.

त्यांची धाकटी मुलगी अकरा वर्षांची. तिचं लग्न ठरलं एका घोडनवऱ्याशी. मी तेव्हा बालविवाहाविरुद्धची पत्रकं वाटत गावोगाव हिंडायचो. एक घेतलं आणि सरळ आबांच्या ओट्यावर गेलो. मांडीवर मादी घेऊन ते तिला लसूणघास भरवत होते.

"आबा, हिचं अंग भरायची वाट बघता. आणि पोरीचं?"

"पोर मोठी व्हई गयी. भाकरी करस, पानी भरस."

"बाळंतपणात मेली म्हणजे?"

"तोंड धुई ये, भाऊ! शुभ कार्यना येळले काय बोलस?"

"आता कायदा आहे."

आबा हसले. "तुन्हा कायदा आठेच. खेतियाले कोन इचारस?"

बरोबर होतं त्यांचं. लग्न व्हायचं ते खेतिया गाव पलीकडच्या संस्थानात, हद्द ओलांडली की इंग्रजांचा कायदा संपला. आमच्याकडची भली भली घरं पोरीचं वय लपवत नसत, पोरच पलीकडे नेत. कायदा मोडायची छाती नाही, पाळायची दानत नाही. भेकड सगळे!

वऱ्हाडाच्या गाड्या पहाटे निघाल्या. मी मागोमाग चालत गेलो आणि हद्दीच्या अलीकडे बैलांपुढे उभा राहिलो. आबा खाली उतरले. वाटलं, आता मारतात. त्यांनी हात जोडले.

"भाऊ, मी येस तवलोंग सशासवर ध्यान ठेव. नर पलीकडे नको जाऊ देजो."

अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. मी तोंड उघडायच्या आत दोघातिघांनी मला ओढून बाजूला केलं.

त्या गलक्यात गाडीत झोपलेली पोर जागी झाली. घर आलं असं वाटून, हळदीने माखलेल्या हातांनी डोळे चोळत तिने विचारलं, "आबा, घर उनं का?"

"हां बेटा, उनं," आबा म्हणाले, आणि त्यांनी गाडी पुढे हाकली.