आमच्या कारखान्यातला सगळ्यात वाईट हात

"हा मी माझ्या पेशंटच्या पायात घालणार नाही," डॉक्टर म्हणाले. आमचा कॅथेटर त्यांनी टेबलावर ठेवला आणि हात धुवायला निघून गेले.

पणजीतल्या एका हॉस्पिटलच्या छोट्या खोलीत मी आणि आमचे प्लांट मॅनेजर पाटील साहेब दोघेच उरलो. पेडण्याच्या कारखान्यात हाच कॅथेटर प्रत्येक टेस्टमध्ये पास झाला होता. डिझाइन माझं होतं.

कॅथेटर म्हटलं की लोकांना लघवीची पिशवी आठवते. आमचा तो नव्हे. आमचा म्हणजे शेवयांइतकी बारीक, आतून पोकळ नळी. मधुमेहाने पायाच्या रक्तवाहिन्या बुजत आल्या की डॉक्टर जांघेतून ती आत सरकवतात आणि बुजलेल्या जागेपर्यंत पोचवतात. वेळेत पोचली तर पाय वाचतो. मागची बाजू कडक लागते, नाहीतर ढकलता येत नाही. पुढचं टोक मऊ लागतं, नाहीतर रक्तवाहिनीला आतून इजा होते. या दोन गोष्टींचं एकमेकींशी जमवून देणं, एवढंच माझं काम.

डॉक्टरांनी सिलिकॉनच्या नकली रक्तवाहिनीत कॅथेटर घालून बघितला होता. वळणावर तो क्षणभर अडायचा आणि मग एकदम पुढे उडी मारायचा. नकली रक्तवाहिनीत उडी मारली तर काही बिघडत नाही. खऱ्या माणसाच्या आत मारली तर भोक पडू शकतं.

परतीच्या वाटेवर पाटील साहेब म्हापशापर्यंत तो कॅथेटर बोटांत धरून उलटसुलट बघत होते. ते मूळचे गडहिंग्लजचे. मनात काही ठेवणं त्यांना जमत नाही.

"टेस्टिंगला कोण होतं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"रेखाताई."

"न बघताच पास लिहिलं असणार. दुसरं काय?"

आमच्या धंद्यात खोट्या नोंदीला माफी नसते. तसं सिद्ध झालं असतं तर रेखाताईला त्याच दिवशी घरी जावं लागलं असतं, आणि तेही खोटारडी म्हणून. ती इब्रामपूरची. आमची टेस्टिंगची लाइन सुरू झाली तेव्हापासून तिथे आहे. गावातल्या तीन-चार मुली तिच्या शब्दावर आमच्याकडे लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तिला बोलावून सरळच विचारलं. ती रडली नाही. रागावली.

"मी एकेक नळी घालून बघलंय. न बघता सही करूक माका काय खूळ लागलां?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, तू तरी सांग."

तिने आमच्यासमोर तोच कॅथेटर कारखान्यातल्या नकली रक्तवाहिनीत घातला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. पुन्हा घातला, पुन्हा गेला.

पाटील साहेबांचा चेहरा खुलला. "मग झालं तर. डॉक्टरचाच हात वाईट."

मला ते पटेना. माणसांच्या पायात रोज नळ्या घालणाऱ्याचा हात वाईट कसा असेल? मी म्हटलं, "साहेब, रेखाताईला घेऊन पुन्हा पणजीला जाऊ या."

"ऑपरेटरला डॉक्टरसमोर उभं करायचं? कंपनीची शोभा होईल की."

"होऊ दे."

त्यांनी कॅथेटर उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "गाडी सांगतो." त्यांना नाही म्हणता आलं असतं. वरून माल लवकर पाठवायचा तगादा होता, आणि डॉक्टर दुसरा शोधणं सोपं होतं. त्या 'गाडी सांगतो'बद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

पणजीला डॉक्टरांनी कॅथेटर ढकलला. अडला आणि उडाला. तोच कॅथेटर त्यांनी रेखाताईच्या हातात दिला. तिने ढकलला. गुपचूप गेला. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

"परत करा बघू."

परत तेच. मी इतका वेळ नळीच्या टोकाकडे डोळे लावून बसले होते. सगळेच तिथे बघतात. आता मी तिच्या हाताकडे बघितलं. नळी वळणाजवळ आली की तिचा अंगठा आणि तर्जनी नळीला हलकेच लाटत होती, इतकं हलकेच की शेजारी बसूनही दिसू नये.

"रेखाताई, तू बोटं फिरवतेस."

"खंय? नाय गो." तिने आपल्याच हाताकडे बघितलं. पुन्हा ढकलताना तिला स्वतःलाच ते दिसलं, आणि ती ओशाळली.

डॉक्टरांनी विचारलं, "घरी हाताचं काही काम करता का?"

"अबोलीची फाती करतंय. चवथीक, लग्नाक."

फाती म्हणजे गणपतीत, लग्नात लागणारा, केळीच्या धाग्यात गुंफलेला अबोलीचा सर. सुई नसते. अबोलीचा देठ इतका नाजूक की जरा जोर झाला की फूल हातात येतं. म्हणून धागा बोटांत सतत लाटत राहायचा आणि कुठे अडतंय असं वाटलं की जोर न करता वळवून घ्यायचं. रेखाताई हे परकरात होती तेव्हापासून करते आहे. आता बोटं तिला विचारत नाहीत.

"म्हणजे चूक माझी?" तिने हळूच विचारलं.

"नाही हो," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या हाताला अडथळा कळला आणि त्याने तो चुकवला. पण माझ्या अंगावर शिशाचा जड एप्रन असतो, हातमोजे रक्ताने ओले असतात, पेशंट हलत असतो. मी सरळ ढकलणार. उद्या माझ्या जागी माझा ज्युनिअर असेल, तो माझ्याहून जोरात ढकलणार. नळी त्याच्या हाताला चालली पाहिजे."

पाटील साहेब रेखाताईकडे वळले. "सकाळी मी बोललो ते चुकलं माझं," एवढंच म्हणाले. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "माझां नाव रवलां, बाय." आणि पर्वरी येईपर्यंत डोळे पुसत राहिली.

पुढचं काम माझं होतं. कडक भाग संपून मऊ भाग एकदम सुरू होत होता आणि तो सांधा वळणावर अडकत होता. मागून जोर साठायचा, सांधा सुटायचा आणि टोक उडी मारायचं. मी कडकपणा टप्प्याटप्प्याने उतरवला, टोकाची कड आणखी गोल केली. टेस्टिंगसाठी सरळ ढकलणारं मशीन बसवलं. तरीही माझं समाधान होईना. मशीन फारच शिस्तीत ढकलतं, आणि माणूस तसा नसतो. म्हणून मी ऑफिसातल्या लोकांना खाली बोलावलं. अकाउंट्सच्या मॅडम आल्या, ड्रायव्हर आला, गेटवरचा वॉचमन आला.

सगळ्यात वाईट हात निघाला पाटील साहेबांचा. उसाची ट्रॉली चिखलातून काढावी तसे ते ढकलायचे. रेखाताई त्यांच्या शेजारी उभी राहायची.

"साहेब, बोटां फिरवू नकात."

"मी कुठं फिरवतोय?"

"नाय फिरवत. तसेच रवा. बरां चल्लां."

आधी त्यांना राग आला. मग कारखान्यात 'पाटील टेस्ट' असा शब्दच रूढ झाला, आणि बाहेरून कोणी पाहुणे आले की ते स्वतःच सांगू लागले. ज्या दिवशी नवा कॅथेटर त्यांच्या हातूनही न अडता गेला, त्या दिवशी आम्ही तो पणजीला पाठवला. डॉक्टरांनी एका हाताने, मुद्दाम धसमुसळेपणाने ढकलून बघितला.

"हा घालीन," ते म्हणाले.

गेल्या वर्षी आमच्या घरी, मुळगावला, माझ्या आईच्या छातीत दुखू लागलं. तिच्या हृदयाच्या वाहिनीत नळी घालायची होती. आमचे कॅथेटर पायाचे, त्यामुळे नळी दुसऱ्याच कंपनीची, परदेशातली. मी हॉस्पिटलात दाराबाहेर बसले होते. नळी कुठे कुठे अडू शकते ते मला तोंडपाठ आहे, आणि त्या दिवशी ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

तिथले हृदयाचे डॉक्टर बाहेर आले. "सरळ गेली. कुठे अडली नाही."

मी त्यांच्याकडून नळीचं रिकामं पाकीट मागून घेतलं. त्यावर एका गावाचं नाव होतं, कधी न ऐकलेलं. त्या गावात कोणीतरी डॉक्टर 'घालणार नाही' म्हणाला असेल. कोणीतरी माल थांबवला असेल. आणि कोणीतरी वाईट हाताचा माणूस काम सोडून खाली आला असेल, शिव्या खात नळी ढकलत बसला असेल. त्या अनोळखी पाटलांचे मी मनातल्या मनात पाय धरले.

चांगला हात पेशंटजवळ असावा आणि वाईट हात कारखान्यात. या नोकरीत मी एवढंच शिकले.

आई घरी आली, पेज जेवली, माझ्यावर खेकसली. मग मी कामावर गेले. नवे नमुने टेबलावर मांडलेले होते. मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, खाली येता?"

"मीटिंग आहे हो."

"मीटिंग थांबेल," मी म्हटलं. "तुमचा हात पाहिजे."