आत्याची खुर्ची

आत्याला काहीही झालेलं नव्हतं, आणि हेच तिचं मोठं दुखणं होतं. सांधे, पाठ, छातीतली धडधड, सगळं ती रोज नव्यानं फोडणी देऊन सांगायची. पण घरचे ऐकून ऐकून बहिरे झालेले. समोरची शेजारीण तेवढी ऐकायची, तीही आपली पाळी कधी येते याची वाट बघत. तिचा जेमतेम एक गुडघा दुखायचा. आत्या तिला ‘गुडघेवाली’ म्हणायची आणि दुखणेकऱ्यांतली लिंबूटिंबू म्हणून चिडवायची.

अशात भाच्याच्या डोक्यात ॲक्सिलरेटर शिरला. वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या पोरांच्या नव्या कंपन्यांना जागा द्यायची, सल्ला द्यायचा आणि मागून धक्का मारून बाजारात उभं करायचं. जागा म्हणजे आत्याचा रिकामा तळमजला.

‘‘भाडं नको मला,’’ आत्या म्हणाली, ‘‘पण यंत्रांना तपासायला माणूस लागेल ना? तो मी.’’

कंपन्या तीन आल्या. एकीचा नाडी बघणारा मनगटी पट्टा, दुसरीची ताप ओळखणारी चकती, तिसरीचा खोकला ऐकून छातीचं सांगणारा डबा. माणसं तपासत तपासत शिकणारी यंत्रं. खिडकीपाशी खुर्ची मांडली आणि आत्या तिच्यावर जी बसली, ती बसलीच. पोरं रोज विचारायची, ‘‘आज कसं वाटतंय?’’ आणि उत्तर संपेपर्यंत थांबायची! तिच्यासाठी जन्मात कुणी थांबलं नव्हतं.

मग खुर्ची सोडवते कशाला? भाच्यानं तपासायला माणसं बोलावली की ही दारातूनच त्यांची बोळवण करायची, ‘‘आज यंत्रं बंद आहेत हो.’’ गुडघेवालीलाही तशीच वाटेला लावली. भाच्यानं विचारलं, तर उसासा टाकून, ‘‘लोकांना तब्येतीची किंमतच नाही रे!’’ पोरं मात्र खूश. यंत्रं कधी चुकतच नव्हती.

ॲक्सिलरेटरच्या उद्घाटनाला मोठ्या रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर यायचे होते. ‘‘आत्या, ते हो म्हणाले तर यंत्रांना वॉर्ड मिळतील,’’ भाचा म्हणाला. ‘‘नाही म्हणाले, तर कुलूप.’’ आत्यानं मनातल्या मनात हिशेब केला. कुलूप लागलं की खुर्ची गेली. वर पुन्हा ते बहिरं घर.

डॉक्टर वाघासारखे आले आणि स्वतःच खुर्चीत बसले. पट्टा किंचाळला. आत्याची नाडी कासवाची; डॉक्टरांची त्याला उधळलेल्या घोड्यासारखी वाटली. आत्याचं अंग थंडगार, म्हणून चकतीच्या मते डॉक्टर तापानं फणफणलेले. डब्यानं आत्याचा ओढूनताणून काढलेला घरघरता खोकलाच ठणठणीतपणाची खूण मानलेला. डॉक्टरांनी नुसतंच ‘खुक्’ करताच त्यानं लाल दिवा लावला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ‘‘तिन्ही यंत्रं एकच सांगताहेत,’’ ते पुटपुटले. ‘‘माझ्या घरी फोन लावता का कुणी?’’

भाचा पांढराफटक पडला. ते बघून आत्याला राहवेना.

‘‘उठा हो डॉक्टर. तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही फक्त माझ्यासारखे नाही आहात.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘या तिघांनी माणूस म्हणून मलाच पाहिलंय. बाकीच्यांना मी दारातून हाकललं.’’

डॉक्टरांनी आपल्याच मनगटावर बोटं ठेवली, घड्याळाकडे बघितलं, आणि खो खो हसत सुटले. परत मिळालेल्या आयुष्याच्या आनंदात माणूस उदार होतो. ‘‘तऱ्हेतऱ्हेची माणसं तपासा, मग या. वॉर्ड उघडून देतो. पण बाई, आधी तुम्ही खुर्ची सोडायची.’’

ते गेले आणि भाचा गरजला, ‘‘आत्या!’’

‘‘ओरडू नकोस, माझी नाडी...’’

‘‘तुझी नाडी तिन्ही कंपन्यांना तोंडपाठ आहे!’’

आत्या समोरच्या दारात जाऊन उभी राहिली.

‘‘अगंबाई, सुरू झाली वाटतं यंत्रं?’’ गुडघेवालीनं विचारलं.

‘‘चल ना.’’

‘‘आमचा लिंबूटिंबू गुडघा कशाला हवाय तुम्हाला?’’

‘‘गुडघा नको. तू हवीस, अख्खी.’’ आत्यानं खरोखरच हात जोडले. ‘‘हात जोडते, बाई.’’

मग काय विचारता! गुडघेवाली आली ती जावा, नणंदा आणि एक जाडजूड दीर घेऊन. खुर्चीपुढे रांग लागली. आत्याला दारात स्टूल मिळालं आणि काम मिळालं: येईल त्याला ‘‘कसं वाटतंय?’’ विचारायचं, आणि मध्ये आपलं काही न घुसवता उत्तर संपेपर्यंत थांबायचं.

पहिलं उत्तर गुडघेवालीचं होतं. ते अजून चालू आहे.